पावणेसातची फेरी

नवा धर्म उभा करायला किती वेळ लागतो याचा मिनिटसाहेबांनी अंदाज काढला होता: पाच आठवडे. जुन्या धर्मांना शतकं लागली हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या काळी आधी आराखडा करून मग कामाला लागायची पद्धत नव्हती, असं त्यांचं मत होतं.

मिनिटसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी बस आगारात वेळापत्रकं आखली. कुठली बस किती वाजता सुटेल, कुठल्या थांब्यावर किती उभी राहील आणि फेरी संपल्यावर परत निघण्यापूर्वी चालकाला विसाव्याची किती मिनिटं मिळतील, हे सगळं ते कोपऱ्यातल्या टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन ठरवत. विसाव्याची मिनिटं ते चार देत. पाचवं मिनिट त्यांच्याकडून कोणी कधी घेऊन गेलं नाही. चालकांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, एकाने तर डॉक्टरांचं पत्र आणलं. मिनिटसाहेबांनी ते पूर्ण वाचलं, पुन्हा नीट घडी घातली आणि परत दिलं. "चार मिनिटांत माणूस चहा पितो. पाचव्या मिनिटाला तो गप्पा मारायला लागतो," हा त्यांचा सिद्धान्त. नाव चालकांनीच ठेवलं, आणि ते प्रेमाने ठेवलं, असा मिनिटसाहेबांचा आजतागायत समज आहे.

आता असा माणूस धर्माच्या वाटेला का जावा? देव आहे की नाही ही चौकशी त्यांनी जन्मात कुठल्या खिडकीवर केली नव्हती. कारण होतं स्वयंपाकघरातलं एक स्टूल.

लाकडी, तीन पायांचं, खिडकीशी ठेवलेलं. निवृत्त होऊन मिनिटसाहेब घरी बसले तेव्हा त्यांच्या प्रथमच लक्षात आलं, की आपली बायको रोज संध्याकाळी पावणेसातला त्या स्टुलावर जाऊन बसते. हातातलं काम टाकून. खिडकीबाहेर बघायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. अर्ध्या तासाने उठून गॅस पेटवायची. मिनिटसाहेब बाहेरच्या खोलीत बसून आगाराला सुधारित वेळापत्रकं तयार करून पाठवत असत. आगाराने ती मागितली नव्हती, पण पोचपावती देण्याइतकी माणुसकी आगारात होती. तिथून त्यांना तिची पाठ आणि हलणाऱ्या ओठांची कड दिसे. प्रार्थना करत असेल, असं त्यांनी गृहीत धरलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले. असं तीन वर्षं. म्हणजे संध्याकाळी झाल्या अकराशेच्या आसपास. त्यातल्या एकाही संध्याकाळी त्यांनी विचारलं नाही, की बाई गं, तू काय म्हणतेस आणि कोणाला म्हणतेस?

मग ती गेली. त्याला आता अकरा महिने झाले.

दिवस कसाही निघून जाई. दूध, पेपर, फळांच्या दुकानापर्यंत चालणं, फळं न घेता परत येणं. पण पावणेसात वाजले की घरात असं काही मोठं मोकळं पडे, की मिनिटसाहेबांना बसवत नसे. त्यांना ते आपल्या भाषेत कळे: फेरी रद्द झाली आहे, आणि रद्द झाल्याचा फलक लावलेला नाही. अशा वेळी कोणी ना कोणी थांब्यावर उभं राहतंच. ती उभी असेल, असं त्यांना वाटे. हे वाटणं हास्यास्पद आहे हे त्यांना कळत होतं, आणि तरी ते वाटत होतं. तेव्हा पावणेसातची फेरी पुन्हा सुरू करायची, एवढंच त्यांनी ठरवलं.

अडचण इतकीच, की ही फेरी कुठल्या मार्गाची ते माहीत नव्हतं. तिच्या माहेरचा धर्म एक, यांच्या घरचा दुसरा. लग्न नोंदणी कचेरीत झालेलं आणि घरात कुठलाच नको, असं दोघांनी पहिल्या आठवड्यातच ठरवलेलं. मग तिने मागच्या दाराने कोणता आत घेतला होता? माहेरचा? सासरचा? का एखादा तिसराच? लेकीला फोन करून विचारता आलं असतं. पण चौतीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने बायकोचा देव मुलीला विचारायचा? समोरच्या दारातल्या शिवणकाकू तिच्या जिवाभावाच्या. त्यांना विचारणं तर त्याहून अवघड. त्या रात्रंदिवस कपडे शिवतात आणि शिवता शिवता बोलतात. छे. अब्रू झाकून एकच मार्ग उरत होता: ती नेमकी कुठल्या थांब्यावर उभी आहे हे ठाऊक नसेल, तर सगळ्या थांब्यांवरून जाणारी फेरी आखायची.

मिनिटसाहेबांनी वही घेतली आणि पाहणी सुरू केली. पद्धत आगारातलीच: समोर उभं राहायचं, घड्याळ बघायचं, काय किती वाजता होतं ते लिहायचं. चर्चची घंटा बरोबर ठोक्याला वाजली, म्हणून त्यांनी पाद्रीबाबांचं अभिनंदन केलं. पाद्रीबाबा म्हणाले, ती विजेवर चालते. देवळातल्या पुजाऱ्यांनी आरती "साधारण सातला" असं सांगितलं, आणि साधारण म्हणजे किती, यावरून दोघांत थोडी बाचाबाची झाली. ध्यानमंदिरातले भिक्षू हसतमुख आणि फार शांत होते. ते म्हणाले, "वेळ सोडून द्या." ज्याने एकतीस वर्षं वेळ धरून ठेवली त्याला हे चारचौघांत थोबाडीत खाल्ल्यासारखं लागलं. तरी त्यांनी मन मोठं करून नोंद केली: "मौन. उपयुक्त. चार मिनिटं."

मशिदीच्या दाराशी मात्र ते थबकलेच. भिंतीवर फळा होता आणि त्यावर दिवसाच्या पाचही नमाजांच्या वेळा, मिनिटांनिशी, रोज सूर्याबरोबर मिनिटामिनिटाने सरकणाऱ्या. मिनिटसाहेबांना भरून आलं. तिथल्या देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी विचारलं, "हे आखतं कोण?" गृहस्थांनी वर बोट केलं. मिनिटसाहेबांना वाटलं, वरच्या मजल्यावर ऑफिस असेल. गृहस्थांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "कोणाची आठवण काढायला आलात का?"

"नाही नाही," मिनिटसाहेब घाईने उठत म्हणाले, "पाहणी आहे."

त्या दिवशी त्यांना कोणी विचारलेला तो एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी चुकीचं दिलं, हे जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं.

वेळापत्रक तयार झालं ते मात्र देखणं. रकाने पाच: क्रम, विधी, सुरू, समाप्त, शेरा. पावणेसातला घंटा. मग मेणबत्ती, धूप, चटईवर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावणं, जपमाळ, मौन, पुन्हा घंटा. एकूण अठ्ठावन्न मिनिटं. कोणावर अन्याय नको म्हणून त्यांनी सगळ्यांचे विश्रांतीचे वार घेतले, तेव्हा आठवड्यात चार दिवस काम वर्ज्य झालं. निवृत्ताला त्याची झळ नव्हती. मग सगळ्यांचे उपास घेतले, तेव्हा महिन्यात जेवायला अकरा दिवस उरले.

"बाबा, तुम्ही जेवताय ना नीट?" लेकीने फोनवर विचारलं. ती दुसऱ्या देशात दुसऱ्या वेळेत राहत असे. तिच्याकडे तेव्हा सकाळ असे आणि मागे भांड्यांचा आवाज येई.

"मंगळवारी जेवलो होतो."

"आज शुक्रवार आहे!"

"ठरल्याप्रमाणेच चाललंय."

"काय चाललंय? बाबा, मी येऊ का तिकडे?"

"कशाला? इथे मी अगदी कामात आहे." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ फोनजवळच उभे राहिले. तिने "येऊ का" विचारण्याऐवजी "येते" म्हटलं असतं तर आपण हो म्हणालो असतो, असं त्यांना वाटलं.

पहिली तक्रार चौथ्या दिवशी आली, खालच्या मजल्यावरून. तिथे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांनी वर्गात चाळीस वर्षं आवाज काढू दिला नव्हता आणि वरच्या मजल्यालाही ती सवलत देण्याचा त्यांचा विचार नव्हता.

"रोज सातच्या सुमाराला वर काहीतरी पडतं," मास्तर दारात उभे राहून म्हणाले. "आमच्या छताचे पोपडे निघायला लागलेत. काय पाडता काय?"

"मी स्वतः खाली वाकतो. गुडघ्यांवर."

"कशासाठी?"

मिनिटसाहेबांनी वेळापत्रक दाखवलं. मास्तरांनी ते चष्मा कपाळावर चढवून, हातात नसलेल्या लाल पेन्सिलीने तपासलं. "अहो, यात प्रवचन कुठाय? प्रवचनाशिवाय धर्म म्हणजे धड्याशिवाय पुस्तक. नुसती घंटा! शाळा सुटल्यासारखं वाटेल लोकांना. दहा मिनिटं ठेवा. मी देत जाईन." तक्रार घेऊन आलेला माणूस पद घेऊन गेला.

शिवणकाकूंनी दार उघडंच ठेवलेलं असे, त्यामुळे त्यांना सांगावं लागलं नाही. मशीन न थांबवता त्या म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या! अहो, चिंध्यांचंही चांगलं पांघरूण होतं, मी कितीतरी केलीयत. पण ते धरून ठेवायला एक दोरा लागतो. तुमचा दोरा कुठाय?"

"वेळापत्रक हाच दोरा," मिनिटसाहेब म्हणाले.

काकूंनी मशीन थांबवलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की मिनिटसाहेबांना शर्टाचं बटण तुटल्याची आठवण झाली. त्या काहीतरी बोलणार होत्या. पण मिनिटसाहेब "बरं, येतो" म्हणून निघालेही होते.

एव्हाना प्रकरण इमारतीच्या सेक्रेटरींपर्यंत पोचलं. सेक्रेटरींचं तळमजल्यावर औषधांचं दुकान, आणि माणसाकडे बघताना ते नेहमी कुठली गोळी लागू पडेल याचा विचार करत आहेत असं वाटे. ते म्हणाले, मनातल्या मनात कोणी काहीही मानावं. पण घंटा वाजली की तो कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रमाला नगरपालिकेची परवानगी लागते. दुसरा कोणी असता तर घंटेला फडकं गुंडाळून मोकळा झाला असता. पण मिनिटसाहेबांनी आयुष्यात विनापरवाना एकही फेरी सोडली नव्हती. ते नगरपालिकेत गेले, आणि तिथे त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. "धर्म लिहिला नाही."

"सगळे आहेत."

"एकच लिहायचा."

"मग 'इतर' लिहा."

"इतर कुठला? नाव काय त्याचं?"

"अजून ठेवलं नाही."

"आधी नाव ठेवा काका, मग दाखला मिळेल. बाळालाही हाच नियम आहे." बाईंनी पुस्तिका काढली. "नवीन असेल तर किमान सात सभासदांच्या सह्या. आणि संस्थापकाचा हयातीचा दाखला."

"संस्थापक मीच आहे. तुमच्यासमोर उभा आहे."

"ते मला दिसतंय. कागदावर दिसायला पाहिजे."

बाकीच्या धर्मांना ही अडचण कधी आली नसेल, असा विचार करत मिनिटसाहेब हयातीच्या दाखल्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. दोन तासांनी ते हयात असल्याचं ठरलं. पण दाखल्यावर "कुटुंबातील इतर व्यक्ती" असा रकाना होता, आणि तिथल्या माणसाने त्यांना न विचारता त्यात आडवी रेघ ओढली. ती रेघ पट्टीने ओढलेली नव्हती, याचा मिनिटसाहेबांना राग आला. निदान राग त्याचाच आला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आता सात माणसं. मिनिटसाहेबांनी ओळखीच्या लोकांची यादी करायला घेतली आणि ती पाचव्या ओळीवर संपली, त्यातले दोघे वारलेले. शेवटी मास्तर तयारच होते. मास्तरांचे पत्त्यांतले दोन भिडू, मास्तर जातील तिथे जायचं या न्यायाने आले. सेक्रेटरी लक्ष ठेवायला म्हणून आले. काकू म्हणाल्या, "येते. तिच्या स्वयंपाकघरात बसायला मिळेल तेवढंच." स्वतःला धरूनही सातवा मिळेना, तेव्हा मिनिटसाहेब नऊ नंबर बसच्या जुन्या चालकाकडे गेले. हाच तो डॉक्टरांचं पत्र आणणारा. एका खोलीत एकटा राहत होता आणि रेडिओ दुरुस्त करत बसला होता.

"मौन किती मिनिटं आहे, साहेब?" त्याने विचारलं.

"चार."

"पाच करा, मग येतो."

"विचार करू," मिनिटसाहेब म्हणाले. चालक हसला. तो तसाही येणारच होता. कित्येक महिन्यांत त्याला कोणी कुठे बोलावलं नव्हतं.

सात सह्यांसह अर्ज दाखल झाला, नावाच्या जागी 'इतर' लिहून तात्पुरती परवानगी मिळाली, आणि सोमवारी पावणेसातला सगळे जमले. मिनिटसाहेबांनी घंटा वाजवली आणि प्रवचन सुरू झालं. मास्तरांनी नमनालाच घडाभर तेल घातलं. दहा मिनिटांच्या जागी ते तेवीस मिनिटं बोलले, आणि तेही मुख्यतः शाळेतल्या शिस्तीवर. एक भिडू झोपला. मिनिटसाहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घामाघूम झाले. फेरी तेरा मिनिटं मागे होती, आणि तेरा मिनिटांच्या उशिराने धावणारी फेरी त्यांनी स्वप्नातही पाहिली नव्हती.

अशा वेळी आगारात काय करतात? दोन फेऱ्या एकत्र चालवतात. मिनिटसाहेबांनी हेच केलं. मेणबत्ती, धूप आणि जपमाळ एकाच वेळी सुरू केली. धूप एरवी पुरवून पुरवून जाळायचा, तो सगळा एकदम पेटवला. आणि वाऱ्याने मेणबत्ती विझू नये म्हणून खिडकी लावून घेतली. वेळेच्या हिशोबाने हे बिनचूक होतं. सहा मिनिटं भरून निघाली. सातव्या मिनिटाला समोरचा माणूस दिसेनासा झाला, आणि आठव्याला इमारतीचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला.

मग जे व्हायचं ते झालं. लिफ्ट आपोआप बंद पडली. चार मजल्यांवरची माणसं हाताला येईल ते घेऊन जिन्याने खाली धावली. कोणी मूल, कोणी कागदपत्रं, एक जण तोंडाला साबण लावलेला तसाच. मास्तरांनी जिन्यात सगळ्यांना रांग करायला लावली. झोपलेल्या भिडूला चालकाने खांद्यावर आणलं. बंब सहा मिनिटांत आला, आणि खरं सांगायचं तर त्या गोंधळातही मिनिटसाहेबांनी घड्याळ पाहून मनात म्हटलं, वेळ चांगली आहे.

"वर काय चाललं होतं?" बंबवाल्याने वहीत लिहून घेत विचारलं.

सेक्रेटरींनी मिनिटसाहेबांकडे पाहिलं. "लिहा, 'इतर'."

सगळा रस्ता हसला. साबणवालाही हसला. वाईट कोणी बोललं नाही, तेच जास्त लागलं. मिनिटसाहेब शिव्या खायला तयार होते. पण लोकांनी "एकटे असतात हो, जाऊ द्या" असं हलक्या आवाजात म्हटलं आणि ते त्यांना ऐकू आलं. हळूहळू माणसं वर गेली. मिनिटसाहेब फाटकाशेजारच्या बुटक्या कठड्यावर बसून राहिले. हातात घंटा तशीच होती.

काकू येऊन शेजारी बसल्या. "आता खरं सांगा. हे सगळं कशासाठी?"

अब्रू आता झाकण्याइतकी उरली नव्हती. मिनिटसाहेब म्हणाले, "ती पावणेसातला बसायची ना. काय म्हणायची मला माहीत नाही. कुठल्या देवाला म्हणायची तेही नाही. म्हणून म्हटलं, सगळेच घेऊ. एखादा तिचा निघेल."

काकूंनी कपाळाला हात लावला.

"मला विचारायचंत."

"कसं विचारणार?"

"तोंडाने!" काकूंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "देव नव्हता हो कुठला. थांबे म्हणायची ती. नऊ नंबरचे."

"थांबे?"

"तुम्ही आगारातून पावणेसातच्या नऊ नंबरात बसायचात ना? तुम्हीच आखलेली बस. ती इकडे खिडकीशी बसून एकेक थांबा म्हणायची, त्या त्या मिनिटाला. टपाल कचेरी, दवाखाना, शाळेचा चौक... मला पुढचे पाठ नाहीत. शेवटी 'घर' म्हणायची की तुमची बेल वाजायची. कधी चुकलं नाही म्हणे. आणि मध्ये काच कारखानाही म्हणायची."

"काच कारखाना?" मिनिटसाहेब ताठ झाले. "तो थांबा मी बावीस वर्षांपूर्वी रद्द केला. दोन मिनिटं वाचत होती."

"ठाऊक होतं तिला. म्हणायची, त्यांनी काढला असेल, मी नाही काढला. हे घर पहिल्यांदा बघायला आलात तेव्हा तुम्ही दोघं तिथे उतरून चालत आला होतात म्हणे."

आले होते. चुकून एक थांबा आधी उतरले होते, आणि ती चूक कोणाची यावर घरापर्यंत भांडत, हसत आले होते. मिनिटसाहेब ते साफ विसरले होते.

"पण मग नंतर?" त्यांनी विचारलं. "मी निवृत्त झाल्यावर? तेव्हा तर मी घरातच होतो. बाहेरच्या खोलीत."

काकूंनी पदराच्या कडेला सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. सांगावं की नाही, असं त्यांना झालेलं दिसत होतं. "मीही विचारलं होतं तिला. म्हटलं, आता कशाला गं, आता तर ते तिथेच बसलेत. तर म्हणाली, 'घरात आहेत गं. अजून पोचले नाहीत.'"

मिनिटसाहेबांना रडू आलं. रस्त्यावर, कठड्यावर, बंबवाले पाइप गुंडाळत असताना, साठी उलटलेला माणूस घंटा मांडीवर धरून रडला. रडताना ती घंटा थोडी थोडी वाजत होती. काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि नुसत्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज मागे घ्यायला नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मागे घ्यायलाही सातही सभासदांच्या सह्या लागतात. त्यासाठी मास्तर, भिडू, सेक्रेटरी, चालक, सगळ्यांना पुन्हा एकदा बोलवावं लागणार होतं. मास्तरांनी लगेच विचारलं, पुढचा सोमवार चालेल का, आणि चालकाने येताना रेडिओ आणतो म्हणून सांगितलं. भिंतीवरचं वेळापत्रक मिनिटसाहेबांनी काढलं, चार घड्या घातल्या आणि स्टुलाच्या एका डुगडुगत्या पायाखाली सारलं.

संध्याकाळी पावणेसातला ते त्या स्टुलावर बसले. पहिल्यांदाच. तिथून फाटक दिसतं आणि फाटकापुढे रस्त्याचं वळण दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"आगार," ते म्हणाले. आवाज फुटला नाही, ओठ हलले. मग सहा एकोणपन्नासला टपाल कचेरी. बावन्नला दवाखाना. शाळेचा चौक. जुना पूल. थांबे त्यांना तोंडपाठ होते, त्यांनीच तर लावले होते. पण प्रत्येक थांब्याला ती इथे बसून वाट बघत होती, हे त्या आखणीत कुठेच नव्हतं. काच कारखान्यापाशी ते थांबले. मग तोही म्हणाले. त्यामुळे फेरी दोन मिनिटं उशिरा पोचली.

"घर."

बेल वाजली नाही. वाजणार नव्हतीच, हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी दाराकडे पाहिलं. खिडकीबाहेर वळणावर एक बस आली आणि गेली. फेरी संपली होती. आता विसाव्याची चार मिनिटं. मिनिटसाहेबांनी घड्याळावर नजर ठेवून ती चारही पूर्ण होऊ दिली. काटा सरकला तसे सवयीने गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि मग पुन्हा खाली बसले.

पाचवं मिनिट सुरू झालं होतं. मिनिटसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि त्यांच्याच सिद्धान्ताप्रमाणे ते तिच्याशी बोलायला लागले.